चार बोटं वर

मामा: मोठ्यानं वाच. सकाळपासून सगळ्या गल्लीला मी वाचून दाखवली ही नोटीस. आता मला कुणीतरी वाचून दाखवा.

भाची: मला ती पाठ आहे, मामा. आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो.

मामा: पाठ असणारच. ‘पाणीमापन केंद्राच्या अहवालानुसार’ असं लिहिलंय. केंद्र म्हणजे ही खोली, आणि खोलीत तू एकटी.

भाची: माझं नाव नाही त्यात. हुद्दा आहे.

मामा: हुद्दा काय शेजारणीचा आहे? महिनाअखेर घर रिकामं करा म्हणतात. नदीकाठची गल्ली पूररेषेच्या खाली येते म्हणतात. एकोणीस घरं. आणि पूररेषा कोणती धरली, तर बुरुजावरची ती तांबडी रेघ. चव्वेचाळीस वर्षं रंगवली कुणी, तर मी. मोजली कुणी, तर माझ्या सख्ख्या बहिणीच्या लेकीनं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भाची: मी मोजलं तेव्हा त्यातून नोटिसा निघतील हे मला माहीत नव्हतं.

मामा: माहीत असतं तर कमी मोजलं असतंस?

भाची: नाही.

मामा: आईवर गेलीस. दुधाचं माप उचलून, डोळ्यापाशी नेऊन बघायची, आणि दूधवाला सख्खा दीर होता तिचा.

भाची: मामी काय म्हणते?

मामा: भांडी बांधतेय. बांधते, मग एखादं लागलं की सगळं सोडते. सकाळपासून तीनदा गाठोडं सुटलं. डोंगरामागच्या इमारतीत पाचवा मजला देणार आहेत, तिथून नदी दिसते का तेवढं विचारून ये म्हणाली. मी म्हटलं, अगं, दिसू नये म्हणूनच देतायत.

भाची: आणि गल्लीचं काय करणार?

मामा: वारसा-फेरी. माणसांनी राहायचं तर पुराचा धोका, बघायला यायचं तर धोका नाही. खिडक्यांत कुंड्या ठेवणार. माझ्या दारावर फलक लावणार, ‘जुन्या रंगाऱ्याचं घर’. त्यांना फलक पाहिजे, रंगारी नको.

भाची: हरकत घ्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

मामा: म्हणून तर आलो. पुन्हा एकदा मोज. जरा मायेनं.

भाची: टेप मायेनं मोजत नाही, मामा.

मामा: टेप धरणारा मायेनं धरतो की. हे बघ, माझी आत्या सात वर्षांची होती पुराच्या वेळी. ती सांगायची, पाणी आमच्या उंबऱ्याखाली येऊन थांबलं. आत आलं नाही. ती उंबऱ्यावर बसून पुराच्या पाण्यात पाय धुवत होती, म्हणून आईचा मार खाल्ला. आता तुझ्या रेघेप्रमाणं बघितलं तर पाणी आमच्या आढ्यापर्यंत होतं. मग आत्या पाय कुठं बसून धुवत होती? कौलांवर?

भाची: सात वर्षांच्या मुलीची आठवण मी अहवालात लिहू शकत नाही.

मामा: मार खाल्लेला माणूस विसरत नाही.

पोपट: येऊ का, ताई? माझ्या पुढच्या गटाला पाऊण तास आहे. अरे वा, रंगारीकाका पण इथंच. दोन्ही कामं एका ठिकाणी झाली.

मामा: आला पोपट. याच्या बापानं पढवलं तेच रोज पाहुण्यांपुढं बोलतो, म्हणून गावानं पोपट केला याचा.

पोपट: गावानं नाव दिलंय, मी त्याचा मान ठेवतो. ताई, वारसा कचेरीतल्या बाईंनी पाठवलंय. गुरुवारी समिती येतेय ना, आपलं गाव वारसा यादीत घ्यायचं की नाही ते ठरवायला. त्यांच्यासाठी दाखला पाहिजे. ‘बुरुजावरची ऐतिहासिक पूररेषा रस्त्यापासून दोन मीटर ऐंशी सेंटिमीटर उंच आहे.’ खाली तुमची सही, शिक्का. एवढंच.

भाची: ठेवा तिथं. बघते.

पोपट: बघायचं काय त्यात? बुरुजापाशी पाटीवर तुमचाच आकडा आहे. मी रोज वाचून दाखवतो. ‘मंडळी, डावीकडे सात कमानींचा पूल, वय चारशे वर्षं. कठडा मागच्या वर्षीचा आहे, पण तो दिसायला जुनाच बनवलाय. समोर घड्याळाचा मनोरा, पुराच्या धक्क्यानं कायमचा दहा मिनिटं मागे पडलेला.’

मामा: किल्ली देणारा दहा मिनिटं उशिरा येतो.

पोपट: काका, ते त्यांना कशाला? ‘उजवीकडे जुनं जकातघर, जिथं आज नदीचं पाणी मोजलं जातं.’ म्हणजे तुम्ही, ताई. ‘आणि आता, मंडळी, बुरुजापाशी या, पाठ टेकून उभे राहा, आणि मान वर करा. तुम्ही आत्ता पाण्याच्या तळाशी उभे आहात.’ कसली शांतता होते माहितीये? पोरं सुद्धा गप्प होतात. त्या शांततेवर माझं घर चालतं.

मामा: आणि माझं जातं.

पोपट: मला वाईट वाटतं, काका. खरंच. पण तुम्ही गुरुवारच्या आत रेघ रंगवून देणार ना? बाई विचारत होत्या. पत्र पोचलंय म्हणाल्या.

मामा: पोचलंय. या खिशात घर सोडायची नोटीस, या खिशात रेघ रंगवायचं पत्र. दोन्हींवर एकाच साहेबाची सही.

पोपट: नव्या पोरांनी इतर भिंतींवर मारलेली रेघ बाईंना पसंत पडत नाही. तुमच्यासारखी सरळ येत नाही कुणाची.

मामा: सरळ यायला दोरी धरली की झालं. ती कुणालाही जमते. टिकवणं जमत नाही. नवी पोरं काय करतात, जुन्या रेघेवरच ब्रश फिरवतात. तांबडा रंग आतून फुटतो बाबा. चुन्याचे तीन हात दिले तरी खालून गुलाबी झाक वर येते, आणि तिच्यावर नवी रेघ मारली की तिच्या कडा पसरतात. सहा महिन्यांत रेघेचा पट्टा होतो. उस्तादांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, जुन्यावर नवं मारायचं नाही. जुन्या रेघेवर गिलाव्याचा पातळ हात ओढायचा, ती झाकायची, चुना द्यायचा, आणि नवी रेघ कोऱ्या, कोरड्या जागेवर मारायची. दोन वर्षं हलत नाही.

भाची: कोरी जागा कुठली?

मामा: तिथंच. जरा वर.

भाची: किती वर?

मामा: काही नाही गं. चार बोटं.

भाची: दर वेळी?

मामा: दर वेळी. कामात कुचराई नाही केली कधी.

भाची: चार बोटं कशाच्या वर, मामा?

मामा: आधीच्या रेघेच्या. दुसरं काय असतं तिथं? अशी का बघतेस?

भाची: तुमचा हात द्या. उजवा. बोटं जोडा.

मामा: रंग नाही लागलेला, धुऊन आलोय.

भाची: साडेसात सेंटिमीटर. एकूण किती वेळा रंगवलीत?

मामा: वर्षाआड. चव्वेचाळीस वर्षं. बावीस झाल्या. यंदाची तेविसावी.

भाची: बावीस गुणिले साडेसात. एकशे पासष्ट.

पोपट: कसले एकशे पासष्ट?

भाची: सेंटिमीटर. तुमच्या उस्तादांनी किती वेळा रंगवली?

मामा: त्यांच्या काळी दहा वर्षांनी कधीतरी चुना व्हायचा. तीनदा, चारदा. चारदाच. चौथ्या वेळी मी त्यांची बादली धरली होती. पण त्यांची बोटं माझ्यासारखी जाड नव्हती.

भाची: सात धरू. चार साते अठ्ठावीस. एकशे पासष्ट आणि अठ्ठावीस, एकशे त्र्याण्णव.

पोपट: ताई, आकडे नंतर. ती सही तेवढी…

भाची: दोनशे ऐंशीतून एकशे त्र्याण्णव गेले, सत्त्याऐंशी उरले. म्हणजे पुराचं पाणी बुरुजापाशी माणसाच्या कमरेच्या खाली होतं. मामा, तुम्ही बसलाय त्या खिडकीकडे बघा.

मामा: बघितली. तावदान पुसायला झालंय.

भाची: तिच्या खालचा दगड बघा. या जकातघरात त्या वर्षी जो कारकून होता, त्याची वही माझ्या कपाटात आहे. पुराच्या दिवशी त्यानं एकच ओळ लिहिलीय. ‘पाणी कचेरीच्या खिडकीच्या खालच्या दगडास लागले, दप्तर माळ्यावर हलवले.’ तो दगड बुरुजाच्या रस्त्यापासून सत्त्याऐंशी सेंटिमीटर उंच आहे. मी गेल्या वर्षीच मोजला होता.

मामा: मग?

भाची: मग बुरुजावरच्या रेषेशी तो जुळेना. जवळजवळ दोन मीटरचा फरक. म्हणून मी अहवालात तळटीप टाकली.

मामा: काय टाकलीस?

भाची: ‘सदर खिडकी नंतरच्या काळात खाली सरकवली गेली असावी.’

मामा: ही? एवढी दगडी? चौकटीसकट?

भाची: हो.

मामा: कुणी सरकवली म्हणायची?

भाची: मी. तळटीपेत.

मामा: अगं, चार गवंडी आणि महिनाभर लागेल तिला हलवायला. तू एका ओळीत हलवलीस.

भाची: रेषेवर शंका घ्यावी असं मनात आलं नाही. ती भिंतीवर होती. पाटी होती. तिच्यासमोर माणसं मान वर करून उभी होती. मी मिलिमीटरपर्यंत मोजली ती, मामा. तीनदा. तिन्ही वेळा आकडा एकच आला.

मामा: चुकीची रेघ अगदी बरोबर मोजलीस म्हणायची.

पोपट: एक मिनिट. चुकीची कशी? रेघ आहे तिथंच आहे. तुम्ही तीनदा मोजली म्हणता.

भाची: रेषा आहे तिथं आहे. पूर तिथं नव्हता.

पोपट: हे बघा, ताई, देशातली सगळ्यात उंच पूररेषा म्हणून समिती येतेय. पूल काय, पूल सगळ्यांकडे आहेत. आमच्याकडे मान वर करायला लावणारी एकच गोष्ट आहे. आता मी काय सांगू? ‘मंडळी, जरा वाका’? गुडघाभर पुराला कोण तिकीट काढून येतं?

भाची: कमरेच्या थोडं खाली. गुडघाभर नाही.

पोपट: मी हे ऐकलंच नाही असं समजा.

मामा: समज. तू तसंही बोलतोसच, ऐकतोस कधी?

पोपट: काका, तुमचं घर जातंय म्हणून तुम्ही…

मामा: थांब. मला आधी हे कळू दे. म्हणजे चूक माझी? मी चार बोटं सरकवली, माझ्या आधी उस्तादांनी सरकवली, आणि आम्ही दोघांनी मिळून एवढं पाणी भरलं गल्लीत?

भाची: तुम्ही पाणी भरलंत. मी त्यावर शिक्का मारला.

मामा: चव्वेचाळीस वर्षं, पोरी. त्या रेघेशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात. मी लांबून बघतो कधीकधी. कुणाला माहीत नसतं रेघ कुणाची. मला माहीत असतं.

भाची: रेषा चांगलीच आहे, मामा. कडा कुठंही पसरलेल्या नाहीत.

मामा: समजूत घालू नकोस. तुला येत नाही ते.

पोपट: आणि कोण मानणार हे? मामानं सांगितलं, भाचीनं लिहिलं, मामाचं घर वाचलं. सगळं घरातल्या घरात. बाई हसतील.

मामा: हे मात्र खरं बोलला. पहिल्यांदा पाठ नसलेलं बोलला. मीच असतो साहेबाच्या जागी, तर म्हणालो असतो, रंगाऱ्यानं घर वाचवायला रेघ खाली आणली.

भाची: तुमच्या शब्दावर मी लिहिणारच नाही. नुसत्या कारकुनाच्या वहीवर पण नाही. मामा, जुनी रेषा तुम्ही खरवडून काढायचा की झाकायचा?

मामा: झाकायचो. सांगितलं ना, गिलाव्याचा हात.

भाची: म्हणजे सगळ्या आत आहेत. एकाखाली एक.

मामा: असणारच. तांबडा रंग मरत नाही.

भाची: मग भिंतीला विचारू. भिंतीला कुणी मामा नाही.

पोपट: भिंत संरक्षित आहे, ताई. तिला नख लावायचं तर तीन कचेऱ्यांची परवानगी लागते. समितीच्या आधी तर शक्यच नाही.

मामा: पत्र वाच. या खिशातलं नाही, त्या खिशातलं. काय लिहिलंय?

पोपट: ‘भिंतीने पोपडे धरले असल्याने जुना थर खरवडून, चुना देऊन, ऐतिहासिक रेषा पूर्ववत रंगवावी.’

मामा: खरवडून. सही, शिक्का, तारीख. चल, उद्या सकाळी सातला.

पोपट: काका, जरा विचार करा. त्या रेघेवर माझा बाप जगला, मी जगतोय.

भाची: तुमचे वडील काय सांगायचे गटाला? हेच? पाण्याचा तळ आणि मान वर?

पोपट: नाही. ते माझं. वडिलांची वही आहे घरी, त्यात त्यांनी सगळं बोलणं लिहून ठेवलंय. तिथं वेगळं आहे. आधी लिहिलंय, ‘पाणी पुरुषाच्या छातीपर्यंत.’ ते खोडलंय. वर ‘गळ्यापर्यंत’. तेही खोडलंय. मग ‘टोपीपर्यंत’. मला वाटायचं, वडील गोष्ट रंगवत गेले.

मामा: रंगवत मी होतो. तो बिचारा बघून लिहीत होता.

भाची: छाती एकशे वीस, गळा एकशे चाळीस, टोपी एकशे ऐंशी. काळ पण बरोबर बसतो.

पोपट: लहानपणी मी हात वर करून शिवायचो तिला.

भाची: कोणत्या वयात?

पोपट: दहाचा असेन. वडील बोलत असायचे आणि मी मागे उभा राहून रेघेवरून बोट फिरवायचो. बोट तांबडं व्हायचं. परवा एका उंच पाहुण्यानं उडी मारून बघितलं, त्याचाही हात पोचला नाही. ताई, लहानपणी मोठं वाटलेलं सगळं मोठेपणी लहान दिसतं ना? शाळेचं पटांगण, हा पूल. ही एकच गोष्ट मोठी होत गेली. मला वाटलं, इतिहास आहे म्हणून.

भाची: दाखल्यावर मी आज सही करत नाही. बाईंना सांगा, आकडा उद्या देते.

(दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, बुरुजाच्या भिंतीपाशी.)

मामा: शिडी नीट धर. आणि पोपटा, तू इथं काय करतोस? तू तर काही ऐकलं नव्हतंस.

पोपट: सकाळचा गट नाही आज.

मामा: मग झोपायचं.

पोपट: झोप आली नाही. त्या पत्र्यावर उभे राहू नका काका, घसरतो. द्या ती बादली.

भाची: सुरुवात आताच्या रेषेपासून करा. सरळ खाली या. एक वीत रुंदीचीच पट्टी काढा, जास्त नको. रेषा दिसली की थांबा, मी मोजते, मग पुढे.

मामा: ही बघ. मागच्याच्या मागची. बघ कशी ताजी आहे, काल मारल्यासारखी.

भाची: दोनशे बहात्तर पूर्णांक पाच.

मामा: आणि ही तिच्या आधीची.

भाची: दोनशे पासष्ट. पुढे.

मामा: ही मी तापात मारली होती. दोरी तुझ्या मामीनं धरली. जरा उजवीकडे उतरलीय बघ.

भाची: दोनशे सत्तावन्न पूर्णांक दोन. तीन मिलिमीटर उतरलीय.

मामा: चव्वेचाळीस वर्षांत तीन मिलिमीटर. लिही ते पण.

पोपट: काका, ही बघा, ही माझी. हिच्यावर बोटांचे पुसट ठसे आहेत.

मामा: तुझे कशावरून? गावभरच्या पोरांची बोटं होती तिथं. सारखं ओरडायला लागायचं.

पोपट: हात वर केला की एवढाच पोचायचा माझा. एकशे पंच्याहत्तर असेल, मोजा ताई.

भाची: एकशे पंच्याहत्तर.

पोपट: बघा.

मामा: शिडी काढा आता. इथून खाली उभ्यानंच पोचतो. ही माझी पहिली. हिच्या खालची उस्तादांची, बघ रंग वेगळा. ते अळशीचं तेल जास्त घालायचे.

भाची: एकशे पंधरा. पुढे एकशे आठ. एकशे एक. चौथी चौऱ्याण्णव.

मामा: झालं. चार उस्तादांच्या. संपल्या.

भाची: खाली काही नाही?

मामा: खाली कोरा गिलावा. हात लावून बघ.

भाची: चौऱ्याण्णव.

पोपट: चौऱ्याण्णव म्हणजे काय, ताई? चांगलं की वाईट?

भाची: गल्लीतली एकोणीस घरं जवळजवळ एका पातळीत बांधलीत. सगळ्यात खालचा उंबरा मामांचा. आज सहा वाजता मोजला. बुरुजाच्या रस्त्याच्या हिशेबानं एक्याण्णव. नियम असा आहे की उंबरा रेषेच्या वर असेल तर घर नोटिशीतून बाहेर, खाली असेल तर आत.

पोपट: म्हणजे तीन सेंटिमीटरसाठी घर जाणार?

भाची: नियमाला तीन आणि तीनशे सारखेच.

मामा: लिहून टाक चौऱ्याण्णव. जे आहे ते आहे. माझी मोजणी चुकली असेल, उस्तादांनी तीनदाच मारली असेल. चौथी ही कुणा तिसऱ्याची, मूळची.

भाची: असं अंदाजानं नाही लिहिता येत.

मामा: काल तर खिडकी सरकवली होतीस.

भाची: म्हणूनच नाही. मामा, ही चौथी रेषा रंगाची आहे. त्या वर्षी ज्यानं खूण केली त्यानं रंगानंच केली असेल? पाणी ओसरत होतं, भिंत भिजलेली. ओल्या भिंतीवर रंग धरेल?

मामा: नाही धरणार. मी असतो तर छिन्नी घेतली असती.

भाची: मग खरवडा. चार बोटं खाली. आणि मला काही पाहिजे म्हणून खरवडू नका. तिथं काही नसेल तर मी चौऱ्याण्णव लिहीन.

मामा: माहीत आहे बाई. तुझ्या आईनं दिराचं दूध परत पाठवलं होतं.

पोपट: काका, थांबा. खरवडणी बाजूला घ्या. इथं बोट लावा. आत जातंय.

मामा: कुठं?

पोपट: इथं. गिलाव्याखाली खाच आहे. आडवी. सरळ जातेय. बघा, इथपर्यंत येते.

मामा: हळू. पाणी मार. कुंचल्यानं साफ कर, नखानं नको. हं. छिन्नीचीच आहे. घाईत मारलीय, कुणी गवंडी नव्हता तो. आणि बाजूला ही तारीख.

भाची: दिवा धरा जरा. हलवू नका. सत्त्याऐंशी.

पोपट: नक्की?

भाची: सत्त्याऐंशी. खाचेच्या मध्यावर. पुन्हा बघते. सत्त्याऐंशीच.

मामा: आत्याला मार फुकट बसला नाही म्हणजे.

भाची: कारकुनाची खिडकी पण जागेवर आली. पोपट, माझ्या पिशवीत पत्र आहे, रात्री लिहून ठेवलंय. आकड्याची जागा तेवढी मोकळी आहे. द्या इकडे.

पोपट: ‘माझा गेल्या वर्षीचा अहवाल चुकीचा असून’… ताई, असंच सुरू केलंय? जरा आडवळणानं नाही घेता येत? ‘काही तांत्रिक कारणांमुळे’ वगैरे?

भाची: तांत्रिक काही नव्हतं. तंत्र बरोबर होतं. हा दाखला घ्या, रेषा सत्त्याऐंशी सेंटिमीटर. हे पत्र बाईंना द्या, आणि याची प्रत नोटिशीवर ज्यांची सही आहे त्यांना. पोच घ्यायला विसरू नका.

पोपट: बाई मला उभं जाळतील.

मामा: त्यांना इथं घेऊन ये. दाखव. सव्वीस रेघा आणि तळाला एक खाच. जिना आहे हा जिना. कुठल्या गावात पूर दर दोन वर्षांनी पायरी चढून वर गेलाय?

पोपट: थांबा, थांबा. ‘मंडळी, बुरुजापाशी या. मान वर करा. वर दिसतोय तो पूर गावानं आणला. आता मान हळूहळू खाली आणा, रेघ मोजत.’ सव्वीस मोजायला बराच वेळ जातो. पोरं मोजतील. ‘आणि आता मंडळी, खाली वाका.’ काका, सगळे वाकतील. नमस्कार केल्यासारखे वाकतील.

मामा: बघ. अर्ध्या तासात नवीन पाठ झालं याला.

पोपट: तुमचं पण सांगेन मी. रंगाऱ्याचं नाव येईल.

मामा: चूक करणारा म्हणून.

पोपट: रोज, काका. दिवसातून चारदा.

भाची: आधी पत्र नेऊन द्या. नऊला कचेरी उघडते. आणि मामीला जाता जाता सांगा, गाठोडं बांधू नकोस म्हणावं.

पोपट: निघालो. काका, गुरुवारच्या आत खाचेवर रेघ मारून ठेवा, समितीला उठून दिसली पाहिजे.

मामा: जा तू. माझं काम मला शिकवू नकोस. पोरी, ती दोरी दे. आणि बारका ब्रश. नाही, तो नाही, दांडीला सुतळी बांधलेला.

भाची: हा घ्या.

मामा: हं. इथं हात लाव. लागतं का काही?

भाची: गार आहे. ओल आहे.

मामा: खाचेत पाणी साठतं. उस्तादांनी पहिल्यांदा वर का घेतली ते आत्ता कळलं मला. चूक नव्हती त्यांची, इथं रंग धरतच नाही. मी काय म्हणतो, चार बोटं वर घेऊ का? कोरडं आहे तिथं.

भाची: चार बोटं वर घेतलीत तर साडेचौऱ्याण्णव होतं, मामा. पाणी तुमच्या उंबऱ्यावरून आत येतं.

मामा: किती आत?

भाची: साडेतीन सेंटिमीटर.

मामा: मग ओलीवरच मारतो. पण आत्ताच सांगून ठेवतो, टिकायची नाही.